लिस्बनमध्ये दोन वर्षांचे बिऱ्हाड : गोव्याहून जाणाऱ्या कुटुंबांसाठी

कार्यालयाने किंवा विद्यापीठाने दीड-दोन वर्षांसाठी लिस्बनला पाठवायचे ठरवले आहे, बरोबर शाळकरी मुले आहेत आणि मुदत संपली की परत फोंड्याला, डिचोलीला किंवा म्हापशाला यायचे आहे, अशा कुटुंबांसाठी हा लेख आहे. गोव्यात लिस्बनचे नाव काढले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो ‘पोर्तुगीज पासपोर्ट करणार काय?’ हा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना जन्मनोंदणीच्या वाटेने तसे करता येते, हे खरे. परंतु भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, म्हणून तो निर्णय कायमचा ठरतो, आणि तात्पुरत्या मुक्कामाच्या घाईत तो कोणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. येथे जे सांगितले आहे ते भारतीय पासपोर्टवर, व्हिसा घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे.

दोन वर्षांचा काळ मोठा अडनिडा असतो. बॅगेतल्या कपड्यांवर पाहुण्यासारखा काढायला तो फार लांब, आणि संसार थाटायला फार आखूड. आपल्या भाषेत अशा राहण्याला ‘बिऱ्हाड’ हा नेमका शब्द आहे. आम्ही दोघे, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा असे फोंड्याहून गेलो, तेव्हा कोणतीही वस्तू घेताना, करार करताना किंवा शाळा निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारत असू : हे दोन वर्षांनी सहज मोडता येईल काय, आणि तोवर त्याच्यावाचून खरोखरच अडेल काय? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर लावलेल्या आहेत.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी सहा महिने, कागद

सुरुवात नावांपासून करावी. गोव्यात एकाच घरातल्या माणसांची आडनावे तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. आजोबांच्या पोर्तुगीज काळातील दाखल्यावर ‘पोरोबो’, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘परब’, आणि रोमन लिपीतल्या स्पेलिंगचा तर काही नेमच नाही. पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला यांवरचे प्रत्येक नाव अक्षरशः जुळते की नाही ते समोरासमोर ठेवून पाहावे, आणि जुळत नसेल तर दुरुस्ती इकडेच करून घ्यावी, कारण परदेशी कारकुनाला ‘ही दोन्ही एकच माणसे’ असे पटवून देण्यास आपल्याजवळ भाषाही नसते आणि साक्षीदारही नसतात.

मुलांचे जन्मदाखले आणि नागरी निबंधकाकडील विवाहाचा दाखला ताज्या प्रतीत काढून घ्यावेत, राज्य सरकारकडून प्रमाणित करून घ्यावेत आणि त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे करारातल्या इतर देशांत चालणारा प्रमाणीकरणाचा शिक्का, उमटवून घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे व पोर्तुगालही आहे, त्यामुळे तेथे पुन्हा वेगळे प्रमाणीकरण लागत नाही. या दाखल्यांचे पोर्तुगीज भाषांतर पणजीत करून देणारे जाणकार अजून आहेत. ते वाणिज्य दूतावासाला चालेल अशा रीतीने प्रमाणित करून बरोबर न्यावे. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते, आणि ते फार आधी काढले तर शिळे होते.

व्हिशाच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ‘आधी नवरा पुढे जाईल, घर बघेल, मग आम्ही जाऊ’ ही आपल्याकडची आखाती देशांपासून चालत आलेली रीत येथे अंगाशी येऊ शकते. पोर्तुगालने २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचा कायदा बदलला आणि कुटुंबाला मागाहून बोलावण्याच्या अटी कडक केल्या. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच पणजीतील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाकडे, आणि पाठवणाऱ्या संस्थेकडे, कुटुंबाचे अर्ज बरोबरच करता येतील काय हे लेखी विचारावे. दीर्घ मुक्कामाचा व्हिसा सामान्यतः चार महिन्यांचा असतो, आणि प्रत्यक्ष निवास-परवाना तेथे पोहोचल्यावर ‘आयमा’ या सरकारी संस्थेकडून मिळतो. ही संस्था २९ ऑक्टोबर २०२३ पासून काम करते. तिच्याआधी हे काम ‘सेफ’ नावाचे खाते पाहत असे, त्यामुळे जुन्या माहितीत ते नाव दिसले तर ती माहिती शिळी समजावी.

नोकरीनिमित्त भारतातील कंपनीच पाठवत असेल तर भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ काढायला सांगावे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, आणि या कागदामुळे दोन्हीकडे वर्गणी कापली जाणे टळते. हा कागद मागण्याचे आमच्या लक्षात आले ते विमानतळावर, आणि मग तो मिळवायला तीन महिने ईमेल चालले होते.

दुसरी पायरी : मागे राहणारे घर

बंद घर गोव्याच्या पावसात कसे होते ते सांगण्याची गरज नाही. किल्ली अशा माणसाकडे द्यावी जो पंधरा दिवसांतून एकदा जनेले उघडून वारा खेळवील, आणि त्याला त्याबद्दल ठरावीक रक्कम द्यावी. फुकटात केलेल्या उपकाराला जाब विचारता येत नाही. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, गाद्या उभ्या ठेवाव्यात आणि गॅसची नळी काढून सिलिंडर बंद करून ठेवावा.

बँकेला कळवून बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. अनेक जण ते टाळतात व नंतर अडचणीत येतात. मुखत्यारपत्र करताना गोव्यातील नागरी कायद्याचे भान ठेवावे. लग्नानंतरची मालमत्ता बहुधा पतिपत्नीच्या समाईक मालकीची असते आणि स्थावराच्या व्यवहाराला दोघांची संमती लागते, म्हणून एकट्या नवऱ्याने केलेले मुखत्यारपत्र ऐन वेळी अर्धवट ठरते. दोघांनीही सह्या कराव्यात.

देवघराचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नसतो, पण सासूबाईंच्या मनात तो सर्वांत वर असतो. चवथीचा गणपती आपल्याकडे बसत असेल तर कुठल्या भावाकडे न्यायचा, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी कोण बांधणार, ग्रामदेवतेकडचा वार्षिक मान कोण सांभाळणार, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून आधीच ठरवावे. आमच्याकडे हे ठरायला व्हिशापेक्षा अधिक वेळ लागला.

तिसरी पायरी : सामान

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे आणि खव्याची मिठाई यांचाही त्यात समावेश होतो. आईने कढवून दिलेले दोन किलो तूप आमच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या टोपलीत गेले. मासळीला मात्र २० किलोपर्यंत मुभा आहे, त्यामुळे सुकी सुंगटे (कोळंबी) आणि सुके बांगडे नीट बांधून बिनधास्त न्यावेत. ताजी फळे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्याला अपवाद पाचच : अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ चालतो, मानकुराद आंबा चालत नाही. आमसुले, तेफळे आणि घरचा मसाला हे तिकडे शोधून मिळणे कठीण, म्हणून तेवढे वर्षाचे न्यावे. तांदूळ मुळीच नेऊ नये.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची असल्यामुळे मिक्सर चालतो, परंतु आपली जाड तीन पायांची पिन तिकडच्या गोल सॉकेटात बसत नाही. तिकडे गेल्यावर एखाद्या विद्युत दुकानातून पिनच बदलून घ्यावी. मिक्सरसारख्या यंत्राला प्रवासी अडॅप्टर लावून रोज वापरू नये. अनेक भाड्याच्या घरांत काचेची सपाट शेगडी असते, आणि ती इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर नुसता बसून राहतो. सपाट बुडाचा, इंडक्शनला चालणारा स्टीलचा कुकर न्यावा.

लोकरीचे भारी कोट इकडून घेऊ नयेत. त्याऐवजी चांगल्या पकडीचे बूट प्रत्येकासाठी घ्यावेत, कारण लिस्बनचे पदपथ लहान पांढऱ्या दगडांच्या ‘काल्सादा’ पद्धतीचे असतात, शहर टेकड्यांवर वसलेले आहे, आणि पावसात ते दगड तळ्याकाठच्या शेवाळासारखे निसरडे होतात.

चौथी पायरी : पहिला महिना आणि आकड्यांची साखळी

पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा आधीच घ्यावी आणि त्या महिन्यात दुसरे काही करण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण हा सारा वेळ क्रमांक मिळवण्यात जातो. घर घ्यायला बँकेचे खाते हवे, खात्याला करक्रमांक हवा, करक्रमांकाला पत्ता हवा आणि पत्त्याला घर हवे, असे हे वर्तुळ आहे. ते कोठून तोडायचे हे कळले की निम्मे काम झाले.

ते करक्रमांकापासून तोडावे. नऊ आकडी ‘निफ’ हा क्रमांक ‘फिनान्सश’ म्हणजे कर-कार्यालयात मिळतो. पाठवणारी संस्था असेल तर तिच्याकडून किंवा तिने नेमलेल्या वकिलाकडून हा क्रमांक निघण्यापूर्वीच काढून घेणे सर्वांत सोयीचे. मुलांसाठीही वेगळे क्रमांक घ्यावेत. शाळेत आणि आरोग्य केंद्रात ते लागतात. निफ हातात आला की बँक, फोन आणि वीज या तिन्ही दारांची कडी निघते. दुकानात गल्ल्यावरची बाई दरवेळी ‘कोंत्रिबुइंत?’ असे विचारते, तेव्हा ती हाच क्रमांक पावतीवर घालायचा काय हे विचारत असते. मी पहिले आठ दिवस त्याचे उत्तर हसून देत होते.

घराचा करार झाला की त्या प्रभागाच्या ‘झुंता द फ्रेगेझिया’मध्ये जावे. लिस्बन शहरात असे २४ प्रभाग आहेत, आणि आपल्या पंचायतीसारखेच ते रहिवासाचा दाखला देतात. त्यासाठी कधी करारपत्र पुरते, तर कधी त्याच प्रभागातले दोन मतदार साक्षीला न्यावे लागतात. शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायला याहून चांगले निमित्त नाही. त्यानंतर सामाजिक सुरक्षेचा ११ आकडी क्रमांक, आणि मग आरोग्य केंद्रातून मिळणारा ‘उतेंत’ क्रमांक, असा क्रम ठेवावा.

सरकारी कचेरीत शिरल्याबरोबर रांग शोधू नये, यंत्र शोधावे. त्यातून ‘सेन्या’ म्हणजे पाळीची चिठ्ठी निघते, आणि ती ज्याच्या हाती नाही तो तासभर उभा राहिला तरी कोणाला दिसत नाही. एकाच छताखाली अनेक खाती असलेली ‘लोझा दु सिदादांव’ ही केंद्रे सोयीची आहेत, पण सकाळी दार उघडण्यापूर्वी पोहोचावे. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती बरोबर असाव्यात, आणि ज्या कारकुनाने ‘नाही’ म्हटले त्याच्याशी वाद न घालता दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर जावे. गोव्यातल्या माणसाला हे शिकवावे लागू नये.

बँकेच्या खात्याबरोबर ‘मुल्टिबांकु’ यंत्राचा वापर शिकून घ्यावा. ते केवळ पैसे काढण्याचे यंत्र नाही. बिलावर पाच आकडी ‘संस्था’ आणि नऊ आकडी ‘संदर्भ’ छापलेला असतो. ते दोन आकडे आणि रक्कम यंत्रात घातली की वीज, पाणी, शाळेची सहल, सगळे तेथेच भरता येते.

पाचवी पायरी : घर

जाहिरातीत ‘टी-२’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ दोन शयनगृहे आणि एक दिवाणखाना. ‘टी-०’ म्हणजे एकच खोली. पत्ता वाचायलाही शिकावे लागते. तळमजला म्हणजे ‘रेझ-दु-शांव’, आणि मजल्याच्या आकड्यापुढे ‘एश्केर्दु’ म्हणजे डावीकडचे किंवा ‘दिरैतु’ म्हणजे उजवीकडचे दार. बऱ्याच इमारतींत दारावर नावे नसतात, त्यामुळे हा एक शब्द चुकला तर आपली पत्रे वर्षभर समोरच्या घरात जमा होतात.

शहराच्या मध्यभागी कुटुंबाला परवडेल असे घर मिळणे अवघड आहे. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरचे ओदिवेलाश, निळ्या मार्गाच्या टोकाकडचे अमादोरा, हिरव्या मार्गाच्या टोकाचे तेल्यैराश किंवा नदीपलीकडचे आल्मादा हे भाग पाहावेत. ‘नावेगांत’ हा मासिक पास शहरापुरता ३० युरोचा आणि साऱ्या महानगर क्षेत्रासाठी ४० युरोचा आहे, बस, मेट्रो, लोकल आणि होडी सगळ्यांना तो चालतो, आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे दूर राहिल्याने वेळ जातो, पैसा फारसा जात नाही. मोटार घेऊ नये.

न पाहिलेल्या घरासाठी एक युरोही पाठवू नये. मालक परदेशात आहे, किल्ली टपालाने येईल, अनामत आधी भरा, असे सांगणारी प्रत्येक जाहिरात फसवी समजावी. दोन महिन्यांचे आगाऊ भाडे आणि दोन महिन्यांची अनामत, ज्याला तेथे ‘कावसांव’ म्हणतात, एवढी रक्कम हाताशी ठेवावी. कित्येक मालक ‘फियादोर’ म्हणजे स्थानिक जामीनदार मागतात; नवख्या माणसाला तो कोठून मिळणार? अशा वेळी नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी आणि संस्थेचे हमीपत्र पुढे करावे. करार कर-कार्यालयात नोंदवला जाईल आणि दरमहा पावती मिळेल, हे सही करण्यापूर्वी विचारावे. थोडे स्वस्त भाडे देऊन नोंदणी टाळणारा मालक पुढे रहिवासाच्या दाखल्याच्या वेळी आपल्याला उघड्यावर टाकतो.

आता ओलीविषयी, आणि येथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त त्रास आम्हाला तिनेच दिला. लिस्बन म्हणजे ऊन, असे चित्र मनात घेऊन माणूस जातो. ते उन्हाळ्यात खरेही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गोव्यात धो धो कोसळत असते तेव्हा, तेथे थेंब पडत नाही. पण ऑक्टोबर ते मार्च हा तिथला पावसाळा, आणि तोच हिवाळाही. बहुतेक जुन्या घरांत भिंतीतून उष्णता देणारी व्यवस्था नसते, खिडक्या एकपदरी असतात, आणि जानेवारीत बाहेरच्यापेक्षा घरात अधिक थंडी वाजते. त्यात ओल चढली की भिंतीवर काळे ठिपके उमटतात. त्याला तेथे ‘बोलोर’ म्हणतात. आपण त्याला आषाढापासून ओळखतो. आम्ही सप्टेंबरच्या लख्ख उन्हात एक उत्तराभिमुख घर पसंत केले आणि डिसेंबरात मुलीचा शाळेचा कोट कपाटातून हिरवा होऊन निघाला.

म्हणून घर पाहताना कपाटे उघडून वास घ्यावा. पलंगामागची आणि खिडकीच्या कोपऱ्यातली भिंत हाताने चाचपून पाहावी. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा संशयास्पद मानावा. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे खिडक्या असलेले घर थोडे महाग असले तरी घ्यावे. ओल शोषणारे यंत्र ही पहिली खरेदी असावी, आणि ते जाताना विकताही येते. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात वाफ कोंडू देऊ नये. भात शिजत असताना खिडकी उघडी ठेवावी, मग बाहेर कितीही गारठा असो.

विजेचा करार करताना किती क्षमतेची जोडणी आहे ते विचारावे. ३.४५ केव्हीएच्या जोडणीवर हीटर, ओव्हन आणि पाणी तापवण्याचे यंत्र एकदम लावले की घर अंधारात जाते. चौघांच्या कुटुंबाला ६.९ पुरते.

सहावी पायरी : शाळा

शिक्षण १८ वर्षांपर्यंत सक्तीचे आहे आणि सरकारी शाळेत ते मोफत मिळते. पाठ्यपुस्तकेही बारावीपर्यंत मोफत आहेत. परदेशी मुलालाही प्रवेशाचा हक्क आहे. वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. पहिली ते चौथी हा पहिला टप्पा, पाचवी-सहावी दुसरा, सातवी ते नववी तिसरा, आणि त्यानंतर तीन वर्षे माध्यमिक. प्रवेशाचे संकेतस्थळ आहे, पण मध्येच पोहोचलेल्या कुटुंबाने घराजवळच्या शाळासमूहाच्या कचेरीत स्वतः जावे. बरोबर मागील इयत्तांची गुणपत्रके भाषांतरासह, लसीकरणाची नोंद, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा न्यावा.

सरकारी की आंतरराष्ट्रीय, यावर प्रत्येक घरात वाद होतो. माझे मत असे की आठवीच्या आतल्या मुलाला निःशंकपणे सरकारी शाळेत घालावे. ज्यांची मातृभाषा पोर्तुगीज नाही अशा मुलांसाठी वेगळा पोर्तुगीज विषय असतो, आणि लहान मूल खेळता खेळता भाषा उचलते. पण परतल्यावर दहावीला बसायचे असलेल्या मुलाचा विचार वेगळा करावा लागतो. त्याला एकतर इंग्रजी माध्यमाची शाळा द्यावी आणि तिची जड फी संस्थेकडून मागावी, नाहीतर त्याला एक वर्ष आजीआजोबांकडे ठेवण्याचा पर्यायही लाज न वाटता बोलून पाहावा.

गुणांची पद्धत घरच्यांना आधी समजावून सांगावी. पाचवी ते नववीत गुण एक ते पाच असे मिळतात. आमच्या मुलीने गणितात चार मिळवल्याचे फोनवर सांगितले तेव्हा फोंड्याला आजीने डोक्याला हात लावला होता.

शाळेत दुपारचे जेवण मिळते. सार्वजनिक उपाहारगृहांत शाकाहारी पर्याय ठेवणे २०१७ च्या कायद्याने आवश्यक केलेले आहे, त्यामुळे सोमवार किंवा श्रावण पाळणाऱ्या घरांनी कचेरीत तसे आधी लिहून द्यावे.

सातवी पायरी : दुखणेखुपणे

तातडीसाठी ११२. ताप, जुलाब, पडणे-झडणे यांसाठी मात्र थेट रुग्णालयात धावू नये, आधी ८०८ २४ २४ २४ या सरकारी आरोग्यसेवेच्या क्रमांकावर फोन करावा. परिचारिका लक्षणे विचारून कोठे जायचे ते सांगते, आणि तिने पाठवले असल्यास रुग्णालयात ताटकळणे कमी होते. मुलांसाठी दोना एश्तेफानिया हे १८७७ पासूनचे रुग्णालय शहरात आहे. उतेंत क्रमांक मिळाला म्हणजे कौटुंबिक डॉक्टर लगेच मिळतोच असे नाही. त्यांची टंचाई जुनी आहे. पहिल्या वर्षासाठी खाजगी विमा घ्यावा.

दात आणि डोळे गोव्यातच तपासून घ्यावेत, चष्म्याचा जादा जोड न्यावा. नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी औषधातील मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्यावी, कारण आपल्या बाजारातली नावे तिकडच्या औषधविक्रेत्याला माहीत नसतात.

आठवी पायरी : चूल आणि बाजार

येथे मात्र गोव्याचा माणूस इतर भारतीयांपेक्षा लवकर रुळतो. मासळीच्या फळीवर ‘सार्दिन्या’ म्हणजे तारली, ‘कावाला’ म्हणजे बांगड्याचा भाऊ, ‘आमैझोआ’ म्हणजे तिसऱ्यांच्या जातीतली शिंपली, ‘मेशिल्यांव’ म्हणजे शिनाणे आणि ‘कामारांव’ म्हणजे सुंगटे. हुमणाला, म्हणजे आपल्या माशाच्या कालवणाला, कावाला उत्तम. तो स्वस्तही असतो. विक्रेता मासळी साफ करून देतो, परंतु डोके ठेवायला सांगावे लागते. खारवलेला ‘बाकाल्यांव’ म्हणजे कॉड मासा घेतला तर तो दिवसभर पाणी बदलत भिजवावा, नाहीतर मीठ जिभेवरून उतरत नाही.

उकडे तांदूळ हवे असतील तर पुड्यावर ‘व्हापोरिझादु’ हा शब्द शोधावा. रंग आणि वास आपला नाही, पण पेज होते. किसलेले गोठवलेले खोबरे, कडधान्ये, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता यांसाठी मार्तिं मोनिश चौक आणि त्याला लागून असलेली रुआ दु बेन्फोर्मोझु ही गल्ली गाठावी. बांगलादेशी, पाकिस्तानी आणि भारतीय दुकानांची तेथे ओळ आहे. पाव सकाळी कोपऱ्यावर मिळतो. गोव्यातला पोदेर म्हणजे पाववाला सायकलची घंटी वाजवत दारात येत नाही, एवढे सोसावे लागते.

उपाहारगृहात बसल्याबरोबर न मागता पाव, लोणी आणि ऑलिव्ह समोर येतात. ते पाहुणचार म्हणून दिलेले नसते. खाल्ले तर बिलात लागते, नको असेल तर सरळ परत द्यावे.

नववी पायरी : भाषा

आपल्या बोलण्यात पोर्तुगीजांचे किती शब्द मुरले आहेत ते तेथे गेल्यावर कळते. पाव, बटाटा, अननस, पपई, साबण, चावी, मेज, जनेल हे शब्द दुकानात अर्धे काम करून देतात. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला पगार तेथूनच आला, फक्त हात बदलला. मात्र लिस्बनचे लोक स्वर गिळून बोलतात, त्यामुळे लिहिलेले कळते आणि ऐकलेले कळत नाही, अशी अवस्था पहिले सहा महिने राहते. दुकानात, बसमध्ये, उद्वाहनात शिरताना दुपारपर्यंत ‘बों दिया’ आणि मग ‘बोआ तार्द’ म्हणायला चुकू नये. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ आणि बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणावे. एवढ्यानेही समोरच्या माणसाचा स्वर बदलतो.

घरी मात्र मराठीचा नेम मोडू देऊ नये. आमचा मुलगा सहा महिन्यांत पोर्तुगीजमध्ये भांडू लागला आणि मराठी वाचताना अडखळू लागला, तेव्हा रोज रात्री एक पान मोठ्याने वाचायचे, असे ठरवले. भारताशी वेळेचा फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. आजीआजोबांना फोन करायला तिकडची दुपार बरी पडते, आणि चवथीच्या दिवशी तिकडच्या पहाटे उठून फोंड्याची आरती पाहावी लागते.

एकटे वाटू लागले तर कासा द गोवा ही गोमंतकीयांची संस्था शहरात आहे, आणि लुमियार भागातील महात्मा गांधी मार्गावर राधाकृष्णाचे मंदिर आहे. तेथे येणारे बरेच लोक मोझांबिकमार्गे आलेले गुजराती आहेत. दिवाळीला गर्दी होते.

शेवटची पायरी : बिऱ्हाड आवरताना

हे काम निघण्याच्या पाच महिने आधी हाती घ्यावे. वर्षाच्या किंवा त्याहून अधिक मुदतीच्या करारात, मुदतीचा एक तृतीयांश काळ उलटल्यावर भाडेकरूला घर सोडता येते, परंतु १२० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती पोच मिळेल अशा टपालाने पाठवावी. राहायला आलो त्या दिवशी प्रत्येक भिंतीची, नळाची आणि फरशीची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवलेली असतील तर अनामत परत मागताना ती उपयोगी पडतात. आमच्या घरमालकाने काळ्या ठिपक्यांचा दोष आमच्या भातावर ढकलला होता, आणि सप्टेंबरात काढलेल्या एका छायाचित्रात पलंगामागे तेच ठिपके आधीपासून होते.

मुलांचे शिक्षण-प्रमाणपत्र शाळेकडून मागून घ्यावे आणि त्यावर पोर्तुगालचे अपोस्टिल तेथील महान्यायवादी कार्यालयाकडून उमटवून घ्यावे. गोव्यातील शाळा ते नसेल तर वर्ग ठरवताना अडवून धरते. लसीकरणाची नोंद घ्यावी. वीज, पाणी आणि इंटरनेट बंद करून शेवटची बिले येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, बँकेचे खाते चालू ठेवावे. करक्रमांक रद्द होत नाही, तो जन्मभर आपल्याच नावावर राहतो. म्हणून कर-कार्यालयातला पत्ता बदलून फोंड्याचा घालावा, नाहीतर तेथील नोटिसा त्या रिकाम्या घराच्या पेटीत पडत राहतात.